कृष्णेकाठची तीन दिवसांची यात्रा

आर्मेनियातील मठ पाहण्यासाठी भाविक डोंगरदऱ्या ओलांडतात. पुणे धर्मप्रांतातही कृष्णेबरोबर उतरणारी अशी एक वाट आहे. पहिला मुक्काम नदीच्या उगमाशी, महाबळेश्वरी. येथे ब्रिटिश अमदानीतील पवित्र क्रूस मंदिर आहे. दुसऱ्या दिवशी पाचगणी. डॉटर्स ऑफ द क्रॉस संघाच्या धर्मभगिनींनी १८९५ साली स्थापिलेले सेंट जोसेफ कॉन्व्हेंट येथलेच. तिसऱ्या दिवशी वाई, साताऱ्यामार्गे मिरज. तेथील रुग्णालय डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली सुरू केले. ते प्रेस्बिटेरियन मिशनचे, कॅथलिक नव्हे; तरी यात्रेतून ते वगळू नये, असे आम्हांस वाटते. गिरिस्थाने वसली ती मुख्यतः थंड हवेसाठी येणाऱ्या गोऱ्या साहेबांकरिता. मिरजेच्या दाराशी मात्र इथलाच रुग्ण उभा होता. परतीस मिरज जंक्शन सोयीचे.