ट्राम व लाइट रेल : भेद वाहनाचा की वाटेचा?

आगगाडी रुळांवरून व मोटार रस्त्यावरून धावते, हे खेड्यातील मुलांसही ठाऊक असते. परंतु भर रस्त्यात रूळ बसवून त्यांवरून वाहन चालविता येते, याची कल्पना त्यांस सहसा नसते. असे वाहन म्हणजे ट्राम. वाहतुकीच्या साधनांचा पाठ शिकविताना ट्राम व तिच्याच कुळातील लाइट रेल यांतील भेद शिक्षकबंधुभगिनींस नेमका सांगता यावा, या हेतूने पुढील माहिती दिली आहे.

मुंबईत ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली व ७ मे १९०७ पासून विजेची ट्राम धावू लागली. वरच्या तारेतून वीज घ्यावयाची व तिच्या बळावर चाके फिरवावयाची, अशी तिची रचना होती. रूळ रस्त्याच्या पातळीतच बसविलेले असल्याने इतर वाहने व पादचारी यांस त्यांवरून जाता येई. यातच तिची सोय होती आणि अडचणही. वाटेत काही आडवे आले की मोटार बाजूने निघून जाई. ट्रामला मात्र रूळ सोडता येत नसे. रस्त्यांवरील गर्दी वाढत गेली आणि ३१ मार्च १९६४ रोजी मुंबईची अखेरची ट्राम धावली.

‘लाइट रेल’ हे नाव १९७२ च्या सुमारास अमेरिकेत रूढ झाले. डबा वजनाने हलका, असा त्याचा अर्थ नव्हे. मोठ्या आगगाडीच्या मानाने उतारू कमी व बांधकामही कमी, एवढाच त्याचा अर्थ. हे वाहनही वरच्या तारेतूनच वीज घेते. मग भेद कोणता?

अमेरिकेतील पोर्टलंड शहरात दोन्ही वाहने चालतात. तेथील लाइट रेल १९८६ मध्ये सुरू झाली. तिचा पहिला मार्ग ग्रेशम गावापर्यंत सुमारे २४ किलोमीटरांचा होता. तो कोठे महामार्गाच्या कडेने, तर कोठे रस्त्याच्या मधोमध, पण मोटारींपासून वेगळा राखलेला आहे. थांबे दूरदूर असल्याने ती ताशी सुमारे ८८ किलोमीटरांपर्यंत वेग घेते. तिला दोनच डबे जोडतात. कारण शहराच्या मध्यभागी दोन चौकांतील अंतर अवघे ६१ मीटर आहे. तिसरा डबा जोडल्यास थांबलेल्या गाडीने चौक अडेल. उलट २००१ मध्ये सुरू झालेली ट्राम एकाच गाडीची असून बहुतेक ठिकाणी मोटारींच्या रांगेतूनच जाते व थोड्या थोड्या अंतरावर थांबते.

त्याच शहरात २०१५ मध्ये नदीवर एक पूल खुला झाला. त्यावर खासगी मोटारींस मज्जाव आहे आणि दोन्ही वाहने त्याच रुळांवरून जातात. मोटारींचा अडथळा तेथे ट्रामलाही होत नाही. यावरून दिसते की, मुख्य भेद यंत्राचा नसून वाटेवरील हक्काचा आहे.

हा भेद अंगणात सहज दाखविता येईल. चुन्याच्या दोन समांतर रेघा आखाव्यात. एका रेघेवरून एका मुलाने रेघ न सोडता चालावे व इतरांनी ती मनास येईल तशी ओलांडावी. दुसऱ्या रेघेवरही एका मुलाने तसेच चालावे. मात्र ती ओलांडणाऱ्यांनी त्यास आधी जाऊ द्यावे. आधी कोण पोहोचला व का, हे मुलांसच विचारावे. उत्तर ती आपणहून देतील.