इंग्रजींतील ‘कन्कर’

होकार देण्यासाठीं इंग्रजींत अनेक क्रियापदें आहेत आणि आपण तीं सारीं ‘मान्य करणें’ या एकाच दावणीला बांधून मोकळे होतों. त्यांपैकीं ‘कन्कर’ या क्रियापदाविषयीं आज थोडें बोलावयाचें आहे. लॅटिन भाषेंत त्याचा मूळ अर्थ ‘बरोबर धांवणें’ असा आहे.

‘अॅग्री’ हा सर्वसाधारण शब्द. पत्रांत, बाजारांत, कोठेंही चालेल. ‘कन्सेंट’मध्यें प्रस्ताव दुसऱ्याचा असतो व रुकार तेवढा आपला. ‘कन्कर’ करणारा मात्र स्वतः विचार करून त्याच निर्णयास पोंचलेला असतो. म्हणून न्यायाधीश सहकाऱ्याच्या निकालाशीं ‘कन्कर’ करतात, आणि तसें करतांना आपलीं कारणें वेगळीं नोंदवूंहि शकतात. जेवणाचें निमंत्रण स्वीकारतांना मात्र हा शब्द वापरूं नये; तो फारच कोर्टकचेरीचा वाटेल! आणि पटत नसतां निमूट राहणें, त्याला ‘अॅक्विएस’ म्हणतात.

या छटा किती मोलाच्या, हें आम्हां वऱ्हाडकरांना वेगळें सांगावयास नको. वाशीमकडील आसेगांव घ्या. १८५३ च्या तहानें वऱ्हाडचा कारभार निजामाकडून कंपनीकडे गेला. १९०२ सालीं लॉर्ड कर्झन व निजाम मीर महबूब अली खान यांच्यांत करार झाला : स्वामित्व निजामाचें, पण प्रांत वर्षाला २५ लाख रुपयांवर इंग्रजांकडे कायमच्या पट्ट्यानें. आसेगांवच्या कुणब्याला कोणीं विचारलें नाहीं, हें ओघानेंच आलें. परंतु निजामाचें क्रियापद तरी कोणतें? पुढें त्यांचे पुत्र उस्मान अली खान यांनीं वऱ्हाड परत मागितलें, तेव्हां वडिलांची संमती मोकळ्या मनानें दिलेली नव्हती, हाच त्यांचा एक मुद्दा होता. १९२६ सालीं लॉर्ड रीडिंग यांनीं ती मागणी फेटाळली.

गंमत अशी कीं, इंग्रजांनींच केलेल्या १८७२ च्या करार कायद्याप्रमाणें संमती म्हणजे दोघांनीं एकच गोष्ट एकाच अर्थानें मान्य करणें. आणि जबरदस्ती वा अनुचित दडपण असेल, तर ती संमती मोकळी ठरत नाहीं. अर्थात् हा कायदा राजेरजवाड्यांच्या तहांसाठीं नव्हता.

स्वतंत्र भारतांतहि हा शब्द गाजला. न्यायाधीशांची नेमणूक राष्ट्रपतींनीं सरन्यायाधीशांचा सल्ला घेऊन करावी, असें घटनेंत होतें. सल्ला म्हणजे ‘कन्करन्स’ नव्हे, असें सर्वोच्च न्यायालयानें १९८१ सालीं ठरविलें. १९९३ सालीं त्याच न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानें तें फिरविलें आणि सरन्यायाधीशांच्या मतास प्राधान्य दिलें.