क्षमताधिष्ठित मुलाखत आणि पेढीवरचा अनुभव

आपल्या बहुतेक कुटुंबांत आज एक मूल पेढीवर, तर दुसरे नोकरीत, असे चित्र दिसते. बेळगावच्या रविवार पेठेतील व्यापाऱ्यांची मुले-मुली पुणे, बंगळूर, हुबळी येथील बँकांत आणि कंपन्यांत अर्ज करीत असतात. हे अर्ज पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. पदवी, टक्के आणि संगणकाचा अभ्यासक्रम ही माहिती त्यांत ठळकपणे दिलेली असते. परंतु सुटीत चार-चार वर्षे दुकानात जे काम केले, त्याचा उल्लेखही नसतो. ‘दुकानातले काय सांगावयाचे?’ असे मुलांस वाटते व पुष्कळदा वडिलांसही वाटते. आजकाल ज्या पद्धतीने मुलाखती घेतल्या जातात, तिचे स्वरूप समजून घेतले तर हा संकोच किती तोट्याचा आहे हे उमगेल. यास्तव सभासद बंधू-भगिनींपुढे हा विषय मांडीत आहे.

या पद्धतीस क्षमताधिष्ठित मुलाखत असे म्हणता येईल. जुन्या पद्धतीच्या मुलाखतीत ‘तुमच्याविषयी सांगा’, ‘तुमचे गुण-दोष कोणते?’ असे मोघम प्रश्न असत आणि उत्तरेही मोघमच मिळत. नव्या पद्धतीत प्रथम त्या पदासाठी कोणत्या क्षमता लागतात हे ठरविले जाते. उदाहरणार्थ, इतरांबरोबर मिळून काम करणे, ग्राहकाचे समाधान करणे, निर्णय घेणे, वेळेत काम पुरे करणे, नवे शिकणे. मग प्रत्येक क्षमतेसाठी उमेदवारास त्याच्या पूर्वायुष्यातील प्रसंग विचारला जातो. ‘रागावलेल्या ग्राहकास आपण शांत केले, असा एखादा प्रसंग सांगा’ हा या जातीचा प्रश्न होय. सर्व उमेदवारांस सारखेच प्रश्न विचारून ठरलेल्या मापाने गुण द्यावेत, अशी येथे अपेक्षा असते.

आपणां धान्य व्यापाऱ्यांस ही रीत परकी वाटू नये. पोत्याच्या तोंडाशी चांगला माल असू शकतो. म्हणून खरेदीदार पोकळ सळई पोत्यात खुपसून मधला व तळचा दाणा हातावर घेतो. मुलाखत घेणाराही तेच करतो. ‘मी मेहनती आहे’ ही झाली पोत्यावरची चिठ्ठी. प्रत्यक्ष प्रसंग हा आतला नमुना.

या विचाराच्या मुळाशी मानसशास्त्रज्ञांचे परिश्रम आहेत. अमेरिकेतील जॉन फ्लॅनागन यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथील हवाई दलासाठी काम करताना, कोण कसा आहे या मतांऐवजी त्याने अमुक प्रसंगी काय केले याच्या नोंदी गोळा करण्याची रीत बसविली आणि १९५४ साली ती शास्त्रीय नियतकालिकात मांडली. पुढे १९७३ साली हार्वर्ड विद्यापीठाचे डेव्हिड मॅक्लेलंड यांनी असे प्रतिपादन केले की, शाळा-कॉलेजातील गुण किंवा बुद्धिमापन चाचण्या यांपेक्षा प्रत्यक्ष कामास लागणाऱ्या क्षमता तपासणे अधिक योग्य. २०२२ साली पॉल सॅकेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्वीच्या संशोधनांचा पुन्हा ताळा पाहिला, तेव्हा नोकरीतील पुढील कामगिरीचा अंदाज बांधण्याच्या साधनांत अशी आखीव मुलाखत सर्वांत वर आली. तो अंदाज अचूक असतो असे नव्हे. परंतु मोघम गप्पांपेक्षा तो बरा ठरतो. भारत सरकारने २०२० साली मंजूर केलेल्या ‘मिशन कर्मयोगी’ या योजनेतही पदास लागणाऱ्या क्षमतांवरच भर आहे. मात्र केंद्र सरकारच्या गट ‘क’ आणि अराजपत्रित गट ‘ब’ पदांसाठीच्या मुलाखती १ जानेवारी २०१६ पासून बंद झाल्या. तेव्हा आपल्या पदासाठी मुलाखत आहे की नाही, हे जाहिरातीत आधी पाहावे.

आता प्रत्यक्ष तयारीकडे वळू. पहिली पायरी म्हणजे जाहिरात व कामाचे वर्णन पेन्सिल हाती घेऊन वाचणे. त्यांत ज्या क्षमतांची नावे असतील त्यांखाली रेघ ओढावी. दुसरी पायरी म्हणजे एका वहीत आपल्या आयुष्यातील सहा ते आठ प्रसंग लिहून काढणे. ते कॉलेजातील, संस्थेच्या कार्यातील किंवा पेढीवरचे असावेत. शक्यतो गेल्या दोन-तीन वर्षांतील असावेत. प्रत्येक प्रसंगासमोर तो कोणत्या क्षमतेस लागू पडतो हे लिहावे. एकच प्रसंग दोन-तीन क्षमतांस उपयोगी पडतो. म्हणून फार प्रसंग लागत नाहीत. त्यांत एक प्रसंग अपयशाचाही असावा, कारण तोही हमखास विचारतात. अपयश झाकणाऱ्यापेक्षा त्यातून पुढे काय बदलले हे सांगणारा उमेदवार अधिक पसंत पडतो.

तिसरी पायरी उत्तराच्या मांडणीची. परिस्थिती, जबाबदारी, कृती आणि फलित हे चार भाग या क्रमाने यावेत. पहिले दोन भाग चार-पाच वाक्यांत आटोपावेत. निम्म्याहून अधिक वेळ ‘मी काय केले व का केले’ यास द्यावा. शेवटी फलित, शक्य तेथे आकड्यांसह सांगावे. एकूण उत्तर दोन-तीन मिनिटांचे पुरे.

समजा, एका व्यापाऱ्याची बी. कॉम. झालेली कन्या बँकेतील नोकरीसाठी मुलाखतीस गेली आहे आणि तिला अवघड काम वेळेत पुरे केल्याचा प्रसंग विचारला आहे. ‘मी दुकानात वसुली पाहत असे, सर्वांशी गोड बोलत असे’ हे उत्तर वाया गेले असे समजावे. तीच मुलगी पुढीलप्रमाणे सांगू शकेल :

‘दिवाळीस पाच आठवडे उरले होते आणि साठ खात्यांवर ४ लाख ८० हजार रुपये थकले होते. वसुलीचे काम वडिलांनी माझ्याकडे दिले. मी प्रथम खतावणीवरून तीस, साठ व नव्वद दिवसांवरची खाती वेगळी काढली. नव्वद दिवसांवरच्या गिऱ्हाइकांस तगाद्याचा फोन करण्यापूर्वी त्यांची बिले तपासली. सात जणांच्या बाबतीत बिलाचा आणि खात्याचा आकडा जुळत नव्हता. म्हणून ते पैसे अडकले होते. ती दुरुस्ती करून मी त्यांस नवा उतारा पाठविला. बाकीच्यांस हप्ते ठरवून दिले. दिवाळीपर्यंत ३ लाख १० हजार रुपये जमा झाले. तेव्हापासून दर महिन्याच्या अखेरीस खाती ताडून पाहण्याची पद्धत आम्ही ठेविली आहे.’

या उत्तरात नियोजन, आकड्यांची जाण, ग्राहकाशी वागणूक आणि पुढची सुधारणा या चारही गोष्टी आल्या. स्वतःची स्तुती मात्र एका शब्दाचीही नाही.

येथे आपल्या घरांतील एका संस्काराचा विचार करावा लागतो. वडीलधाऱ्यांदेखत ‘मी केले’ असे म्हणू नये, ‘आम्ही केले’ असे म्हणावे, ही आपली रीत. घरात ती शोभून दिसते. परंतु मुलाखतीत सर्व उत्तर ‘आम्ही’ने भरले तर उमेदवाराचा स्वतःचा वाटा किती हे परीक्षकास कळत नाही आणि गुण देता येत नाहीत. तेव्हा जे सर्वांनी केले ते ‘आम्ही’ आणि जे स्वतः केले ते ‘मी’ असे स्पष्ट सांगावे. त्यात गर्व नाही; तो चोख हिशेब आहे.

याच्या उलट, दुसऱ्याचे काम आपल्या नावावर घालू नये. परीक्षक एका उत्तरावर थांबत नाहीत. ‘तीच खाती आधी का घेतली? गिऱ्हाईक काय म्हणाले? पुन्हा वेळ आली तर काय वेगळे कराल?’ असे उपप्रश्न येतात आणि उसना प्रसंग तेथेच उघडा पडतो. तसेच गिऱ्हाइकांची नावे व त्यांच्या खात्यांचा तपशील बाहेर सांगू नये. जो आज आपल्या पेढीचे गुपित राखतो, तो उद्या आपल्या संस्थेचेही राखील, असा विश्वास परीक्षकास वाटला पाहिजे.

उत्तरे पाठ करणे हेही घातक. प्रश्न थोडा वळवून आला की पाठांतर कोलमडते. इंग्रजीत मुलाखत असेल तर प्रत्येक प्रसंगाचे चार-पाच मुद्दे व आकडे तेवढे ध्यानात ठेवावेत आणि मोठ्याने बोलण्याचा सराव करावा. घरातील कोणी घड्याळ लावून प्रश्न विचारावेत. मध्ये बोलू नये, आपली उत्तरे त्याच्या तोंडी घालू नयेत.

पालकांसाठी शेवटची गोष्ट. ज्याने स्वतःच्या जबाबदारीवर काही केलेच नाही, त्यास सांगण्याजोगा प्रसंग कोठून सुचणार? मुलगा असो वा मुलगी, सुटीत दुकानात आल्यास नुसते गल्ल्याजवळ बसवून ठेवू नये. एखादे छोटे काम, मग ती वखारीतील पोत्यांची मोजदाद असो वा एका गावची वसुली, त्यांच्याकडे पूर्णपणे सोपवावे आणि निभावू द्यावे. थोडे नुकसान झाले तरी सोसावे. पुढे ते मूल पेढीवर बसो की नोकरीस जावो, ही शिदोरी दोन्हीकडे पुरते. संघानेही परीक्षांचे निकाल लागल्यावर एक-दोन रविवारी आपल्या सभागृहात सराव-मुलाखती घ्याव्यात, अशी नम्र सूचना करून हा लेख पुरा करतो.