खारे पाणी, धातूचे नॅनोकण आणि प्रतिदीप्ति-संवेदक

पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा बुलढाणा, अकोला व अमरावती या जिल्ह्यांत पसरलेला आहे. बुलढाणा जिल्ह्यातच असलेल्या लोणार सरोवराचे पाणी खारट तर आहेच, शिवाय त्याचा सामू १० च्या आसपास असतो. अशा पाण्यातील शिसे वा पारा जागच्या जागी ओळखणारा संवेदक कोणत्या तत्त्वावर उभारावा, हा प्रश्न विचारार्ह आहे. भारतीय मानक १०५०० (२०१२) अन्वये पिण्याच्या पाण्यात लिटरमागे शिसे ०.०१ व पारा ०.००१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावा. म्हणून संवेदकास अत्यल्प मात्राही कळली पाहिजे.

प्रतिदीप्ती म्हणजे शोषलेला प्रकाश रेणूने अधिक तरंगलांबीचा करून बाहेर टाकणे. उत्तेजित 'दाता' रेणूच्या निकट योग्य 'ग्राही' रेणू असल्यास ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर न पडता थेट त्याच्याकडे जाते. थिओडोर फोर्स्टर यांनी १९४८ मध्ये दाखविल्याप्रमाणे या हस्तांतरणाचा वेग अंतराच्या सहाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. अंतर दुप्पट झाल्यास तो चौसष्टांश उरतो. विषारी आयनामुळे दाता व ग्राही यांतील अंतर बदलले, की दोहोंच्या प्रकाशाचे गुणोत्तर बदलते.

सोन्याचा वा चांदीचा कण जवळ असल्यास त्यातील इलेक्ट्रॉनांच्या सामूहिक आंदोलनामुळे स्थानिक विद्युत्क्षेत्र तीव्र होते व रेणू अधिक तेजाने प्रकाशतो. परंतु रेणू कणास अगदी भिडला, तर ऊर्जा धातूत मुरते व प्रकाश विझतो. ८० नॅनोमीटर व्यासाच्या सुवर्णकणावरील २००६ च्या प्रयोगात सुमारे ५ नॅनोमीटर अंतरावर प्रकाश सर्वाधिक आढळला. हे अंतर राखण्यासाठी कणावर बहुधा सिलिकेचे कवच चढवितात. मात्र प्रकाश वाढला म्हणजे हस्तांतरणाचा वाटाही वाढलाच, असे नव्हे. दात्याचे उत्तेजित आयुष्य कणामुळे घटते.

खाऱ्या पाण्यात खरी अडचण येथे उद्भवते. विद्युत्भारित कण परस्परांस दूर लोटतात. पण लिटरमागे मीठ ०.०५८ ग्रॅमवरून ५.८ ग्रॅम झाले, की भारावरणाची जाडी सुमारे १० नॅनोमीटरवरून १ नॅनोमीटरवर येते. केवळ भारामुळे विलग राहिलेले कण मग एकत्र गोळा होतात, तांबडे सुवर्णद्रावण निळसर होते आणि प्रकाशही बदलतो. हा बदल मिठाचा असूनही तो विषाचा मानला जाण्याचा धोका असतो. लोणारसारख्या अल्कधर्मी पाण्यात तर सिलिकेचे कवचही हळूहळू विरघळते.

म्हणून अशा पाण्यासाठी कणांस बहुवारिकाचे आवरण देणे, नमुना सौम्य करून त्याचा सामू स्थिर करणे आणि ज्ञात मात्रेचे शिसे वा पारा त्याच नमुन्यात मिसळून पुन्हा मापन करणे श्रेयस्कर ठरते. शुद्ध पाण्यातील संवेदनक्षमता कितीही थोर असली, तरी विहिरीच्या पाण्याविषयीचा निर्णय त्या विहिरीच्या पाण्यात केलेल्या कसोटीवरच आधारला पाहिजे.