पदव्युत्तर शिक्षणासाठी परदेशी विद्यार्थ्यांची इंग्रजीची पूर्वतयारी : ब्रिटनमधील अनुभवाच्या संदर्भात

प्रस्तावना :

ब्रिटनमधील विद्यापीठांत पदव्युत्तर शिक्षणासाठी भारत, चीन, नायजेरिया आदी देशांतून विद्यार्थी मोठ्या संख्येने येतात. प्रवेशासाठी आयईएलटीएससारख्या परीक्षेत बहुधा ९ पैकी ६.५ च्या आसपास श्रेणी अपेक्षित असते. ही श्रेणी मिळाली म्हणजे पूर्वतयारी झाली, असा समज सर्वत्र रूढ आहे. वस्तुतः भाषेची परीक्षा उत्तीर्ण होणे आणि त्या भाषेतून ज्ञानव्यवहार करणे या दोन भिन्न बाबी होत. प्रस्तुत लेखात या भेदाचे विवेचन केले आहे.

परीक्षा आणि प्रत्यक्ष अभ्यास :

१९८९ पासून या नावाने घेतल्या जाणाऱ्या आयईएलटीएसच्या शैक्षणिक लेखन विभागात ६० मिनिटांत दोन लेखनकृती कराव्या लागतात. एक किमान १५० शब्दांची, तर दुसरी किमान २५० शब्दांची. त्यासाठी कोणताही ग्रंथ वाचावा लागत नाही, कोणाचे मत तपासावे लागत नाही. याउलट एम.ए. किंवा एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याला परस्परविरोधी मते वाचून, आधार देऊन आपली भूमिका मांडावी लागते. हा अभ्यासक्रम सामान्यतः एकाच वर्षाचा असतो व त्याची सांगता बहुधा दहा ते पंधरा हजार शब्दांच्या लघुप्रबंधाने होते. उणिवा ध्यानी येऊन त्या दूर करण्यास लागणारा अवधीच त्यात उरत नाही.

पूर्वतयारी वर्गांचा विकास :

ही अडचण ओळखून परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकविणाऱ्या विद्यापीठीय अध्यापकांनी १९७२ मध्ये 'सेल्मूस' हा गट स्थापन केला. १९८९ मध्ये त्याचे नाव 'बालीप' झाले. मुख्य अभ्यासक्रमापूर्वी, विशेषतः उन्हाळ्यात, काही आठवड्यांचे पूर्वतयारी वर्ग घेण्याची प्रथा तेथे दृढ झाली आहे.

बर्मिंगहॅम विद्यापीठातील टिम जॉन्स व टोनी डडली-इव्हान्स यांचा १९८० मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग या दृष्टीने उल्लेखनीय आहे. परिवहन व वनस्पतिजीवशास्त्र या विषयांच्या पदव्युत्तर परदेशी विद्यार्थ्यांसाठी भाषाशिक्षक व विषयशिक्षक एकत्र येऊन वर्ग घेत. विद्यार्थ्याची अडचण शब्दाची आहे की संकल्पनेची, हे त्यामुळे स्पष्ट होई. आपल्या व्याख्यानातील कोणता भाग विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचला नाही, हेही विषयशिक्षकास उमगे.

लेखनाच्या संदर्भात जॉन स्वेल्स यांनी १९९० मध्ये मांडलेली रचना महत्त्वाची ठरली. संशोधनलेखाच्या प्रस्तावनेत लेखक प्रथम विषयक्षेत्राचे महत्त्व सांगतो, नंतर त्यातील उणीव दाखवितो आणि अखेरीस ती उणीव आपण कशी भरून काढणार ते मांडतो. याचाच अर्थ असा की, व्याकरणशुद्ध वाक्ये लिहिणाऱ्या विद्यार्थ्यालाही ही मांडणी स्वतंत्रपणे शिकवावी लागते.

वाङ्मयचौर्याचा प्रश्न :

पाठांतर व यथातथ्य पुनर्लेखन यांनाच गुण देणाऱ्या व्यवस्थेतून आलेला विद्यार्थी मूळ लेखकाची वाक्ये किरकोळ बदल करून उतरवितो. त्याच्या दृष्टीने तो ग्रंथाचा आदर असतो. विद्यापीठाच्या दृष्टीने मात्र ते वाङ्मयचौर्य ठरते. प्रशिक्षणाचा अभाव अशा रीतीने अप्रामाणिकपणात गणला जातो. त्याचे मोल विद्यार्थ्यास गुण, पैसा आणि प्रतिष्ठा या तिन्ही रूपांत मोजावे लागते. म्हणून सारांशलेखन, मतांतरांची नोंद व संदर्भनिर्देश यांचा सराव हा पूर्वतयारीचा गाभा मानला पाहिजे.

समारोप :

मराठी माध्यमातून पदवी घेऊन परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना हे विवेचन तंतोतंत लागू पडते. त्यांचे इंग्रजी सुधारण्याचे काम खासगी वर्ग करू शकतील. परंतु दोन लेखकांची मते तोलून तिसरे, स्वतःचे मत साधार मांडण्याची सवय महाविद्यालयातच लागावयास हवी. ही सवय इंग्रजीवर अवलंबून नाही. पदवीच्या वर्गात दोन लेख वाचून स्वतःच्या शब्दांत, संदर्भांसह पाचशे शब्दांचे टिपण मराठीतूनही लिहवून घेता येते. तपासताना प्राध्यापकांनी 'हे मत कोणाचे?' आणि 'तुमचे मत कोणते?' असे दोन प्रश्न समासात लिहिले, तरी परदेशातील पूर्वतयारीचा मोठा भाग येथेच पूर्ण होईल.