टेनियलची गांधीलमाशी

'पंच'चे जुने वार्षिक खंड चाळण्याचा नाद मला विद्यार्थिदशेपासून आहे, आणि त्या नादातून ज्या एका पुरुषाविषयी अखंड कुतूहल जडले तो म्हणजे सर जॉन टेनियल. ॲलिसची चित्रे ज्याने काढली तो हा, एवढी ओळख वाचकास पुरे आहे. परंतु ती चित्रे काढताना ग्रंथकर्त्याशी त्याने जी झुंज दिली आणि तिच्यामुळे ग्रंथाचाच आकार जो पालटला, ती हकीकत मला त्या चित्रांइतकीच मोलाची वाटते.

१८२० साली लंडनमध्ये जन्मलेल्या, ऐन विशीत वडिलांशी तलवारीचे हात करताना उजव्या डोळ्याची दृष्टी गमावलेल्या, आणि आपल्या हातून केवढा अनर्थ घडला हे वडिलांना कळू नये म्हणून ते दुःख मुकाट्याने गिळलेल्या या चित्रकाराने १८५० पासून पुढे पन्नास वर्षे 'पंच'ची चाकरी इमानेइतबारे केली. बुधवारी रात्री भोजनाच्या मेजावर संपादकमंडळी व्यंगचित्राचा विषय मुक्रर करीत. गुरुवारी कागदावर आराखडा होई. शुक्रवारी तो लाकडी ठोकळ्यावर उलटा उतरवला जाई, आणि संध्याकाळी ठोकळा खोदकामासाठी स्वेनच्या कारखान्यात रवाना होई. अशी दोन हजारांहून अधिक व्यंगचित्रे त्याने काढली, आणि समोर नमुना बसवून चित्र काढण्याचे त्याने कटाक्षाने टाळले. जे एकदा पाहिले ते त्याच्या स्मरणात कायमचे नोंदले जाई. २२ ऑगस्ट १८५७ च्या अंकात बंगालच्या वाघावर झेप घेणारा त्याचा ब्रिटिश सिंह पाहताना आपले रक्त आजही तापते, आणि तापावेच. त्या चित्रातील सूडबुद्धी रेषेच्या सामर्थ्यामुळे क्षम्य ठरत नाही. तथापि त्याच रेषेचा दबदबा असा, की मुंबईचा 'हिंदी पंच' आणि ठाण्याचा 'हिंदुपंच' यांनी नावासाठीसुद्धा त्या लंडनच्या पत्राकडेच पाहिले.

ॲलिसच्या पहिल्या पुस्तकासाठी टेनियलने ४२ चित्रे काढली, डाल्झिएल बंधूंनी ती लाकडात खोदली, आणि १८६५ च्या उन्हाळ्यात ऑक्सफर्डच्या छापखान्यातून २००० प्रती तयार झाल्या. टेनियलने त्या पाहिल्या आणि छपाई साफ नापसंत केली. लुइस कॅरल हे नाव धारण करणाऱ्या चार्ल्स डॉजसन या गणिताच्या अध्यापकाने पदरचा खर्च सोसून सारी आवृत्ती रद्द केली, मित्रांना भेट दिलेल्या प्रतीही परत मागवल्या, आणि पुस्तक दुसऱ्या छापखान्यात नव्याने छापून घेतले. नाकारलेले छापील कागद पुढे न्यूयॉर्कच्या ॲपल्टन कंपनीने विकत घेतले. चित्रकाराच्या एका तक्रारीस एवढा मान देणारा लेखक विरळाच. डॉजसनच्या तऱ्हेवाईकपणाविषयी पुष्कळ लिहिले जाते, पण या औदार्याची नोंद प्रथम घेतली पाहिजे.

दुसऱ्या पुस्तकासाठी टेनियल सहजासहजी राजी झाला नाही, आणि राजी झाल्यावर डॉजसनच्या सूचनांचा पाऊस सुरू झाला: ॲलिसच्या झग्याचा घेर एवढा फुगवू नका, पांढऱ्या सरदारास दाढीमिशा नकोत, तो म्हातारा दिसता कामा नये. टेनियलने सरदार रंगवला तो चांगला भरघोस मिशांचा आणि वार्धक्याकडे झुकलेला.

या व्यवहारातील सर्वांत बोलका दस्तऐवज म्हणजे १ जून १८७० चे टेनियलचे पत्र. डॉजसनच्या भाच्याने १८९८ साली लिहिलेल्या चरित्रात त्याची हुबेहूब प्रतिकृती छापली आहे. पत्र घाईघाईने लिहिलेले आहे. आरंभी तो सुचवतो की आगगाडी उसळते त्या प्रसंगी ॲलिसने म्हातारीचे केस धरण्यापेक्षा हाताशी असलेल्या बोकडाची दाढी धरावी. आणि छापील पुस्तकात ती दाढीच धरते, म्हातारी तर डब्यातून नाहीशीच झाली आहे! नंतर तो मुद्द्यावर येतो: गांधीलमाशीच्या प्रकरणात त्याला तिळमात्र गोडी वाटत नाही, त्यावर चित्र सुचत नाही, आणि पुस्तक आखूड करावयाचे असेल तर ही संधी आहे. केसांचा टोप घातलेली गांधीलमाशी चित्रकलेच्या आवाक्याबाहेरची आहे, असाही अभिप्राय त्याने दिला होता. डॉजसनने ते प्रकरण काढून टाकले.

शंभर वर्षे त्याचा मागमूस नव्हता. १९७४ साली लंडनच्या सदबी लिलावगृहात त्याची मुद्रिते विक्रीस आली आणि १९७७ साली मजकूर प्रसिद्ध झाला. काही अभ्यासकांनी मुद्रितांच्या अस्सलपणाविषयी शंका घेतल्या आहेत. पण असे प्रकरण होते, याविषयी टेनियलच्या पत्रानंतर शंकेला जागा उरत नाही. त्या मजकुरात एक जराजर्जर, कुरकुऱ्या गांधीलमाशी आहे, आणि पुढे जाण्याची निकड असतानाही ॲलिस तिची विचारपूस करण्यास थांबते. प्रसंग हृद्य आहे. मात्र त्याचे मूळ स्थान पांढऱ्या सरदाराच्या निरोपानंतर लगेच असावे, असा जाणकारांचा तर्क आहे. आणि तो मानला तर माझ्या मते टेनियलच्या दोन्ही हट्टांचा उलगडा एकदमच होतो. डॉजसनला हवा होता तसा सरदार तरुण राहिला असता, तर वृद्धाविषयीची करुणा प्रकट करण्यासाठी गांधीलमाशीची गरज होती. टेनियलने सरदारालाच म्हातारा केला, त्याचा निरोप घेताना ॲलिसच्या ठायी जे वात्सल्य दाटते ते त्या मिशांमुळेच दाटते, आणि मग त्याच पानांत दुसऱ्या वृद्धाला जागा उरली नाही.