अबोलीचं बी

अबोलीचं बी काढायचं तर हाताशी पाणी हवं. फुलं गळून गेलेला, तपकिरी, खडखडीत वाळलेला तुरा मी ताटलीत ठेवते, वर पातळ फडकं बांधते आणि फडक्यावरूनच पाण्याचे थेंब सोडते. आधी काहीच होत नाही. मग एक ‘टक्’, आणि पाठोपाठ लाह्या फुटाव्यात तशी बोंडं तडकू लागतात. एका बोंडात फार तर चार बिया, चपट्या, खवल्यांच्या. फडकं नसेल तर अंगणभर उडतात. भर उन्हात बी मातीत पडलं तर करपेल. म्हणून ओल लागेपर्यंत बोंड मिटलेलंच राहतं. ही समज मला या झाडाच्या फुलांइतकीच सुंदर वाटते.

पेरणी सोपी. वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळलेल्या मातीत बी वरवर टाकून चिमूटभर माती भुरभुरायची. उबदार हवेत दोन-तीन आठवड्यांत रोपं दिसतात. थंडीत पेरू नये.

बियांना पाणी हवं, मुळांना मात्र साचलेलं पाणी मुळीच सोसत नाही. कोकण-गोव्याच्या पावसात अबोली टिकवायची तर उंच वाफा आणि माडाची विरळ सावली बरी. पानं मलूल दिसली की आधी बोट खुपसून माती पाहावी, कारण मुळं कुजली तरी पानं तशीच मान टाकतात. माती ओली असताना आणखी पाणी घातलं, तर झाड गेलंच. ओल योग्य असूनही झाड खुरटलं, तर मुळांवर सूत्रकृमींच्या गाठी आहेत का पाहावं. शेजारी झेंडू लावल्यानं हा त्रास कमी होतो.

तुरा खालून वर उमलत जातो, त्यामुळे एकाच तुऱ्यातून कितीतरी दिवस फुलं मिळतात. सकाळी नळीला धरून अलगद ओढलं की फूल हाती येतं आणि वरच्या कळ्या शाबूत राहतात. फुलं नाजूक, वजनाला अगदी हलकी; एका वळेसराला ओंजळी रित्या होतात. गंध नाही, पण केळीच्या सोपाच्या धाग्यात गुंफलेला तो वळेसर दुसऱ्या दिवशीही टवटवीत असतो.

रोपवाटिकेतल्या ‘दिल्ली’ अबोलीला फुलं भरपूर येतात, पण ती त्रिगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे तीन संच असलेली जात. म्हणून तिला बी धरत नाही, फाटे लावूनच ती वाढवावी लागते. तीही जरूर लावा. मात्र परसात एक तरी गावठी झाड ठेवा, आणि त्याचे दोन तुरे न छाटता वाळू द्या.